‘दिवसाला स्ट्रक्चर हवंय’ हे मराठीत कसं म्हणाल?

अर्धविराम:
एक भाषांतर करतेय. त्यातली बाई नोकरी सोडून घरी आहे आणि म्हणते, मला दिवसाला थोडं स्ट्रक्चर हवंय. ‘रचना’ लिहिलं तर ती दिवसावर कविता करणार असं वाटतं. ‘संरचना’ म्हटलं की डोळ्यांसमोर पूल येतो. मग ‘दिनचर्या’ चालेल का? की ‘दिनक्रम’?

वाटसरू:
दोन्ही इथे अडतील. दिनक्रम प्रत्येकाला असतो. अकराला उठून संध्याकाळपर्यंत लोळणाऱ्यालाही असतो, आणि आपण ‘हा त्याचा दिनक्रम’ म्हणून सांगतोही. तुमच्या बाईला तो आहेच, फक्त तो तिला आवडत नाहीये. दिनचर्येत ‘कसं वागावं’ याची सूचना मुरलेली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा. शब्द पथ्यपाणी सोबत घेऊनच येतो. वैद्याच्या तोंडी शोभेल, तिच्या नाही.

कानामात्रा:
जरा अवांतर. ‘चर्या’ चर् म्हणजे चालणे यावरून, ‘क्रम’ म्हणजे मुळात पाऊल, ‘चाकोरी’ म्हणजे गाड्यांच्या चाकांनी पडलेली वाट, आणि इंग्रजीने फ्रेंचांकडून उचललेलं ‘रुटीन’ही रस्ता या अर्थाच्या शब्दावरूनच. सगळी मंडळी रस्त्यावरची! पण बदनाम झाली ती एकटी चाकोरी. ‘चाकोरीबाहेरचं’ म्हटलं की कौतुक, ‘चाकोरीबद्ध’ म्हटलं की नाक मुरडणं. ‘शिरस्ता’ मात्र या कुटुंबातला नाही हं, त्यात रस्ता दिसतो तो नुसता भास. तो फारसी सररिश्ता, म्हणजे दोऱ्याचं टोक.

पानगळ:
‘शिस्त’ का नको? सरळ ‘मला शिस्त हवी आहे’.

अर्धविराम:
ते मनात होतं, पण शिस्त म्हटली की मागे कुणीतरी छडी घेऊन उभं असल्यासारखं वाटतं.

कानामात्रा:
छडी नंतरची, आधी बंदूक! फारसीतली शिस्त म्हणजे नेम धरणं. गंमत अशी, की आपल्या ‘नेम’ शब्दातही हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. नेमाने फिरायला जाणारा आणि नेम धरून दगड मारणारा. शिवाय ‘त्याचा काही नेम नाही’ हे आहेच. त्या बाईची तक्रार नेमकी हीच आहे ना, की दिवसाचा काही नेम उरला नाही? मला तर हे ‘स्ट्रक्चर’च्या सगळ्यात जवळचं वाटतं, उलट्या बाजूने.

पानगळ:
मग ‘नेमस्त’ पण चालावं. नेमस्त आयुष्य.

कानामात्रा:
अर्थाने चालावं, पण तो शब्द राजकारणात अडकला. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, त्यातले जहाल आणि नेमस्त शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेत. वाचकाला ती बाई गोखल्यांच्या गटातली वाटेल.

वाटसरू:
मला वाटतं आपण नाम शोधतोय आणि चूक तिथेच आहे. मराठीत ही गोष्ट क्रियापदात राहते. घडी बसते. वळण लागतं. सवय जडते. एखादी गोष्ट अंगवळणी पडते. यातलं काहीच माणूस ‘शोधत’ किंवा ‘मिळवत’ नाही, ते त्याच्या बाबतीत हळूहळू घडतं. कुणी मुद्दाम केलं तर लावणे, बसवणे. पण बघा, वळण लावणारा बहुधा दुसरा असतो. आईने मुलाला वळण लावलं. स्वतःच स्वतःला लावायचं तर एक ‘घेणे’ जोडावं लागतं: ‘मी स्वतःला शिस्त लावून घेतली’, ‘सवय करून घेतली’. लावणारा आणि लावून घेणारा एकच माणूस, आणि व्याकरण दोघांनाही जागा देतं. एकट्याने दिवस सावरणाऱ्या माणसासाठी मला हा ‘घेणे’ फार नेमका वाटतो. बाकी ‘वेळापत्रक’ वगैरे कागदावरचं. ते आखतात आणि भिंतीवर चिकटवतात.

पानगळ:
हे पटलं. ‘व्यायाम करतो’ आणि ‘व्यायामाची सवय लावून घेतोय’ यात दुसऱ्या वाक्यात धडपड ऐकू येते.

अर्धविराम:
मग असं केलं: ‘दिवसाची काही घडीच बसत नाहीये. ती बसवायला हवी.’ आधी एकच वाक्य होतं, त्याची दोन झाली. पुढे ती म्हणते, की नोकरी सुटली आणि सगळी घडी मोडली. बरोबर ना?

वाटसरू:
दोन वाक्यं उत्तम, आधी तक्रार आणि मग निश्चय. पण ‘मोडली’ नको. घडी मोडणे म्हणजे नवं कापड पहिल्यांदा वापरायला काढणे, आणि ते तर आनंदाने करतात. इथे घडी ‘विस्कटली’.

कानामात्रा:
आणि ‘घडी घालणे’ हे कपड्यांपुरतंच ठेवा. दिवसाची घडी घातली म्हणजे दिवस कपाटात गेला.

अर्धविराम:
विस्कटली केलं. आभार. आता पुढच्या पानावर तीच बाई म्हणते, की तिला ‘स्पेस’ हवी आहे. त्यासाठी वेगळा धागा काढते.