मदत हवी आहे: आईचं बीपी कंट्रोलमध्ये, पण आईचं जगणं आक्रसलंय

आई ६४ वर्षांची, अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) चालू आहे, बीपी १३०/८० च्या आसपास म्हणून डॉक्टर खूश, पण संध्याकाळी घोटे सुजतात (या गोळीने होतं म्हणे), चपला घट्ट होतात म्हणून भजनाला जाणं बंद, त्यात लघवीची गोळी वाढवली तर रात्री तीनदा उठणं, झोप नाही मग दिवसभर चिडचिड. मिठाचं तर विचारूच नका, दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा आणि आमच्याकडे लोणचं-पापडाशिवाय घास उतरत नाही! कोणाच्या घरी गोळी किंवा तिची वेळ बदलून फरक पडलाय का, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारू? परवा म्हणाली गोळ्याच सोडते, तेव्हापासून धास्ती बसलीय.