फॅन्टास्टिक फोर: शाई लावणारा म्हणजे नुसता गिरवणारा?

काळीशाई
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘फॅन्टास्टिक फोर म्हणजे जॅक कर्बी, शाईवाले नुसते गिरवतात.’ मार्व्हलच्या या कॉमिकात चित्रकार कर्बी पेन्सिलनं पान काढायचा आणि दुसरा कलाकार त्यावर शाई चढवायचा, त्या शाईवाल्यांबद्दल हे. ४३वा आणि ४४वा अंक शेजारी ठेवून बघा. पेन्सिल दोन्हीकडे कर्बीचीच. आधी शाईवाल्या व्हिन्स कोलेटाची केसासारखी बारीक रेघ. ४४पासून शाईचं काम जो सिनॉट (Joe Sinnott) याच्याकडे आलं आणि लोखंड लोखंडासारखं दिसायला लागलं. ५१चं पहिलं पान काढा: पावसात उभा बेन ग्रिम, चौघांतला दगडी अंगाचा नायक. अंगावरचा एकेक दगड सुटा, सावलीकडे रेघ जाड, उजेडाकडे बारीक, वर पावसाच्या रेघा, तरी काही एकमेकांत मिसळत नाही. हे गिरवून येतं?

पेन्सिलभक्त
डोक्यावर घेऊ नका. लेखक स्टॅन लीकडून कथासूत्र मिळायचं, पानं कर्बीच रचायचा, समासात प्रसंग लिहून द्यायचा आणि त्यावर ली संवाद भरायचा. ४८मधला सिल्व्हर सर्फर, ते चंदेरी अंगाचं पात्र, कर्बीनं स्वतःहून पानात घातला. सिनॉटनं त्याला चकाकी दिली, जन्म नाही. आणि कोलेटाला किती झोडपाल? मुदत गळ्याशी आली की पानं वेळेवर देणारा तोच होता.

काळीशाई
देणारच! मार्व्हलच्याच ‘थॉर’मध्ये त्यानं केलं तसं, कर्बीनं काढलेली मागची माणसं खोडरबरानं उडवली की पान लवकर होतं.

टिंबटिंब
रेघेवरून भांडताय, पण वाचता कुठली आवृत्ती? गुळगुळीत कागदावरची ना? मूळ रंग न्यूजप्रिंटसाठी, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदासाठी ठरवलेले आणि टिंबाटिंबांनी छापलेले. निळा, लाल, पिवळा. प्रत्येकाच्या तीन मात्रा किंवा अजिबात नाही, म्हणून एकूण ६४ छटा. मळकट कागद शाई पितो, टिंबं पसरतात, रंग दबतो. त्याच मात्रा चकचकीत पांढऱ्या कागदावर सपाट भरल्या की बेनचा नारिंगी डोळ्यात घुसतो आणि तुमच्या सिनॉटची बारीक रेघ त्याखाली मरते.

पेन्सिलभक्त
म्हणजे रजिस्ट्रेशन, रंगांच्या ठशांची जुळणी, हललेलं, लाल रंग ओठ सोडून गालावर गेलेला, तेच खरं? स्वस्त छपाईची पूजा चाललीय नुसती.

टिंबटिंब
पूजा कोण करतंय? वाचा तरी नीट! जुना अंक पुन्हा छापताना मूळ पान किंवा निगेटिव्ह नसेल तर काही वेळा छापील अंकातला रंग ब्लीचनं उडवून रेघ काढली जायची. त्यात बारीक रेघा तुटतात, मग कुणीतरी त्या हातानं जोडतो आणि जाड करून ठेवतो. असलं पान बघून तुम्ही शाईवाल्याला नापास करणार. बिनचकाकीचा, किंचित पिवळसर कागद घ्या आणि मात्रा उतरवा, निम्मी तक्रार मिटते.

चौकट
तुमचं होऊ द्या सावकाश. नंतरच्या जॉन बर्ननं १९८१पासून २३२ ते २९३ या अंकांत लेखन आणि पेन्सिल एकहाती ओढली, आणि बऱ्याच अंकांत शाईही.

काळीशाई
आणि दर महिन्याला तिन्ही कामं ओढताना कुठे हात आखडला, तेही दिसतं.

पेन्सिलभक्त
बरं बाबा, सिनॉट थोर. आता मूळ पानाच्या मापाचंही श्रेय त्यालाच देऊन टाका. आधी चित्र साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचांचं असायचं, १९६७च्या सुमारास ते दहा बाय पंधरावर आलं. कर्बीच्या शेवटच्या अंकांत चौकटी कमी आणि माणसं मोठी दिसतात, त्यात या मापाचा हात आहे.

टिंबटिंब
माप लहान झालं म्हणजे छापताना आकसणंही कमी झालं. म्हणजे रेघ जाड दिसायचं आणखी एक कारण. मघापासून तेच सांगतोय.