आठ जणांनी दगा दिला म्हणे (फॅमिली ग्रुप, शनिवार)

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

वृंदाआत्या (ठाणे): [फॉरवर्ड: आठ अमेरिकन सिनेटरांचे फोटो, वर लाल अक्षरांत 'यांनी ऐनवेळी दगा दिला'] मंदार, यातला एक तुमच्या व्हर्जिनियाचा ना रे? काय केलं त्याने एवढं?

चिन्मय (पुणे): आठ जण फुटले? गुवाहाटीला गेले का? 😄

अण्णाकाका (सातारा): चिन्मय, थट्टा पुरे. खर्चाचं विधेयक मंजूर झालं नाही म्हणून ४३ दिवस सरकार बंद होतं तिथे, शटडाऊन म्हणतात ते. शलाकाची दिवाळी पगाराविना गेली.

चिन्मय: सॉरी काका. पण हॉटेल कुठलं ते तरी कळू दे.

मंदारदादा (ॲशबर्न): आत्या, तो टिम केन, विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाचा. गेल्या वर्षी मीच मत दिलंय त्याला. सत्ताधारी रिपब्लिकनांच्या सरकार चालू ठेवायच्या ठरावाला चौदा वेळा 'नाही' म्हणाला आणि पंधराव्यांदा 'होय'. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचं जादा अनुदान डिसेंबरअखेर संपतंय, ते वाढवून घ्यायला हा सगळा खटाटोप होता. हातात काय पडलं? 'डिसेंबरमध्ये त्यावर मतदान घेऊ' एवढा शब्द! एवढ्यावरच मिटवायचं होतं तर १ ऑक्टोबरलाच मिटवायचं. माझे दीड महिन्याचे पैसे तरी बुडले नसते.

शलाकावहिनी (ॲशबर्न): झालं सुरू. घरात ऐकून कान किटले, आता ग्रुपवर.

वृंदाआत्या: तुझे कसे बुडले? टीव्हीवर तर सांगितलं, थकलेला पगार सगळ्यांना मिळणार.

मंदारदादा: तो शलाकाला. ती सरकारी नोकर. २०१९ मध्ये कायदाच झाला की शटडाऊन संपलं की सरकारी कर्मचाऱ्यांची थकबाकी द्यायचीच. मी सरकारी कामाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीत. आम्हाला तसा कायदा नाही. काम थांबवलं, आधी रजा संपवायला लावली, मग बिनपगारी. बायको कामावर जात होती पगाराशिवाय आणि मी घरी बसलो होतो पगाराशिवाय.

काकू (सातारा): अरे मग सांगायचं तरी. आम्ही इकडून फराळ पाठवत बसलो.

शलाकावहिनी: काकू, फराळच कामाला आला 🙏 त्या पंधरवड्याची पगाराची स्लिप अजून फोनमध्ये आहे. तास ८०, सगळ्या वजावटींच्या रकान्यात शून्य, आणि खाली हातात मिळणारी रक्कम ०.००. ऐंशी तास काम केल्याची नोंद मात्र व्यवस्थित.

अण्णाकाका: मला एक सांग सूनबाई. हा केन फुटला असं तुझंही मत आहे का?

शलाकावहिनी: नाही अण्णाकाका. जरा लांबलचक लिहिते, आज सुट्टी आहे.

मंदारचं 'चौदा वेळा नाही, मग होय' हे सिनेटच्या नोंदीत बघितलं तर बरोबरच दिसतं. विधेयकाचा क्रमांकसुद्धा तोच. पण ९ नोव्हेंबरला, रविवारी रात्री, जे ६० विरुद्ध ४० मतांनी पुढे सरकलं त्याचं फक्त कव्हर जुनं होतं. आतला मजकूर बदलायचं आधीच ठरलं होतं. नव्या मजकुरात माझ्यासारखीच्या कामाचं एक कलम आहे. शटडाऊनच्या काळात सरकारी कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढायच्या ज्या नोटिसा दिल्या त्या रद्द, आणि ३० जानेवारीपर्यंत नवीन कपात नाही. केन त्यासाठी अडून बसला होता आणि मत दिल्यावर त्याने कारणही तेच सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला ऑक्टोबरमध्ये अशी नोटीस आली होती. तिने खणातल्या वस्तू खोक्यात भरल्यासुद्धा होत्या. आता ती परत येतेय. तिला विचारलं तर केन देवमाणूस आहे.

मंदारदादा: आणि जिचा विम्याचा हप्ता जानेवारीत दुप्पट होईल तिला विचार.

शलाकावहिनी: तेही खरंच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? माझं म्हणणं एवढंच की दोन मतं शेजारी ठेवून 'फिरला' म्हणायच्या आधी दोन्ही वेळा कागदावर काय होतं ते बघावं.

चिन्मय: वहिनी, पण हे लोक पोस्टमध्ये तर सगळेच म्हणतात, 'मी सरकार चालू ठेवायला मत दिलं.' मग बंद कोणी पाडलं?

शलाकावहिनी: हीच तर गंमत आहे. ३० सप्टेंबरला, म्हणजे टाळं लागायच्या आदल्या संध्याकाळी, सिनेटमध्ये दोन विधेयकं आली. डेमोक्रॅटांचं पडलं ४७ विरुद्ध ५३ ने. रिपब्लिकनांच्या बाजूला ५५ होते, विरोधात ४५, तरी तेही पडलं, कारण ६० लागतात. आता मोजा. केंटकीचे रँड पॉल दोन्हींना नाही म्हणाले. ते सोडले तर उरलेल्या ९९ जणांनी कशा ना कशाला 'होय' म्हटलंय. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ९९ जण छातीठोकपणे सांगू शकत होते की आम्ही चालू ठेवायला मत दिलं, समोरच्यांनी पाडलं. आणि त्यात एकजणही खोटं बोलत नव्हता. त्या आठांतल्या फेटरमन, कॉर्टेझ मास्टो आणि किंग या तिघांनी तर दोन्हींना होय म्हटलं.

अण्णाकाका: अस्सं. आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टचे दोन ठराव आले होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे. दोन्ही गट लिफ्टच्या बाजूचे. आम्ही अजून जिना चढतोय.

काकू: आणि गुडघे माझे दुखतात.

चिन्मय: 😂😂

वृंदाआत्या: मग या आठांतले तीन तर ३० सप्टेंबरपासूनच होय म्हणत होते! त्यांनी कसला दगा दिला? फोटो तर त्यांचेही टाकलेत.

शलाकावहिनी: बरोब्बर आत्या. तुमच्या फॉरवर्डमधली खरी चूक तुम्हीच काढलीत. ऐनवेळी बाजू बदलणारे पाचच.

वृंदाआत्या: मी डिलीट करते ते. महिला मंडळात पण टाकलंय, तिथूनही काढते.

अण्णाकाका: निदान तिथे नोंद तरी राहते. मी विधानभवनात नोकरी केली. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, आणि आवाज कानावर पडतो न पडतो तोच 'होयचे बहुमत, होयचे बहुमत'. कोण काय बोललं त्याची नावनिशी नोंद नाही. मतविभागणी मागितली तरच नावं येतात. आणि ती आली तरी त्यातून काय कळणार, वर पक्षाचा व्हीप. १९८५ ला पक्षांतरबंदी आली तेव्हापासून व्हीप मोडला तर आमदारकीवर गदा. पण एक आहे, आपल्याकडे पैशाचा प्रस्ताव सभागृहात पडला तर सरकार जातं, कचेऱ्यांना कुलूप लागत नाही. मार्चअखेर अर्थसंकल्प पुरा व्हायचा नसेल तर लेखानुदान, म्हणजे तात्पुरत्या खर्चाची मंजुरी, घेतात आणि गाडा चालू राहतो.

चिन्मय: म्हणजे आमच्या आमदाराने कशाला मत दिलं ते आम्हाला कळतच नाही. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स तेवढा कळतो.

मंदारदादा: इथे उलटा त्रास. नोंद एवढी की त्यातून हवं ते उचलता येतं. जानेवारी २०१८ च्या शटडाऊनची नोंद बघ. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या यादीत मिच मॅककॉनेल, जो स्वतः सत्ताधाऱ्यांचा नेता! ठराव पडतोय दिसल्यावर तो मुद्दाम नाहीत गेला, कारण हरलेल्या मताचा फेरविचार मागायचा हक्क जिंकणाऱ्या बाजूलाच असतो. आता याचं कोणी पोस्टर केलं तर?

चिन्मय: मी टेड क्रूझचं वाचलं होतं, तो टेक्सासचा रिपब्लिकन सिनेटर. २०१३ ला सिनेटमध्ये खर्चाच्या विधेयकावर २१ तास उभा राहून बोलला, मध्ये घरच्या मुलींना झोपताना गोष्ट वाचून दाखवली तीही टीव्हीवरून. आणि भाषण संपल्यावर त्याच विधेयकाचा विचार सुरू करायचं मतदान १०० विरुद्ध ०. म्हणजे शंभरात तोही होय! पुढे १६ दिवस शटडाऊन झालं, ते संपवायच्या विधेयकाला याने नाही म्हटलं, आणि २०१८ ला पत्रकारांना सांगतो की मी शटडाऊनच्या कायम विरोधात.

मंदारदादा: आमचे हाउसवाले, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहातले, तर याहून भारी. १९ सप्टेंबरला २१७ विरुद्ध २१२ ने विधेयक पास करून स्पीकरने सभागृह जे बंद ठेवलं ते थेट १२ नोव्हेंबरला उघडलं. मधल्या काळात हाउसमध्ये एकही मतदान नाही. पण व्हिडिओ? रोज! बंद दाराच्या हँडलला हात लावून, रिकाम्या सभागृहात उभं राहून, विमानतळावर कर्मचाऱ्यांना सँडविच वाटताना.

वृंदाआत्या: यांचे पगार?

मंदारदादा: चालू. वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर. राज्यघटनेतच तसं आहे, शटडाऊनने अडत नाही. काहींनी आपला रोखून ठेवायला सांगितलं, त्याचीही पोस्ट टाकली.

शलाकावहिनी: सरकारी खातीसुद्धा प्रचाराला लागली होती हो. गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर विरोधकांना दोष देणारी लाल पट्टी. शिक्षण खात्यातल्या रजेवरच्या लोकांच्या ईमेलला जे आपोआप उत्तर जातं, त्यात त्यांना न विचारता 'डेमोक्रॅट सिनेटरांमुळे बंद' असं घातलं. कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. ज्यांच्या तोंडी ते वाक्य घातलं त्यांना त्या दिवसांत पगार नव्हता.

काकू: आपल्या बेळगावचे ते ठाणेदार आहेत ना खासदार तिकडे, ते काय म्हणाले?

मंदारदादा: श्री ठाणेदार, डेट्रॉइटचे. १२ तारखेला हाउसमध्ये २२२ विरुद्ध २०९ ने पास झालं. डेमोक्रॅटांपैकी सहाच पलीकडे गेले, त्यात ठाणेदार नाहीत.

अण्णाकाका: पण शलाका, तुमच्या राज्याचे दोन सिनेटर ना? दुसऱ्याने काय केलं?

शलाकावहिनी: मार्क वॉर्नर. 'नाही'. राज्य तेच, पक्ष तोच, मतदार तेच. वॉर्नर म्हणाला विम्याचं काहीच हाती लागलं नाही म्हणून विरोध. आता हे वाचा: वॉर्नरची निवडणूक २०२६ मध्ये आहे, केनची २०३० मध्ये. आणि केन एकटा नाही. त्या आठांपैकी एकालाही पुढच्या वर्षी मतदारांपुढे जायचं नाही. त्यांतले शाहीन आणि डर्बिन तर निवृत्तच होतायत.

चिन्मय: ओहो! म्हणजे फुटले नाहीत, वाटून घेतलं?

शलाकावहिनी: ते मी कसं सांगू. मनातलं नोंदीत येत नाही. पण ४ नोव्हेंबरला व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक झाली, डेमोक्रॅट जिंकले, आणि पाचव्या दिवशी कोंडी फुटली, हे तारखांत दिसतं. त्याआधी ऑक्टोबरअखेर सरकारी कर्मचाऱ्यांच्या सगळ्यात मोठ्या युनियननेही 'आता उघडा' म्हणून जाहीर सांगितलं होतं. माझ्यासाठी केनचं मत बरोबर. वॉर्नरला मात्र ते मत फुकटात मिळालं. सरकार उघडलं, आणि नाही म्हटल्याचं पोस्टरही झालं.

मंदारदादा: मला अजून पटलेलं नाही. शिवाय त्या 'होय'च्या पोटात काय काय होतं बघ. एक कलम असं की सिनेटरच्या फोनच्या नोंदी त्याला न कळवता मागवल्या तर तो सरकारवर दावा लावू शकतो, दर वेळचे कमीत कमी ५ लाख डॉलर. कंत्राटदाराच्या माणसाला एक डॉलर नाही, आणि सिनेटरला ५ लाख.

शलाकावहिनी: यावर मी तुझ्या बाजूने.

काकू: चला, एकमत झालं.

वृंदाआत्या: ते ३० जानेवारीचं काय ते? परत बंद पडणार? आमचं डलसचं, तुमच्या वॉशिंग्टनच्या विमानतळाचं, तिकीट २ फेब्रुवारीचं बघतोय.

मंदारदादा: शेती, माजी सैनिक आणि संसदेचा स्वतःचा खर्च यांची पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंतची सोय झाली. बाकीच्यांचे पैसे ३० जानेवारीपर्यंतच, त्यात विमानवाहतूकही आली.

वृंदाआत्या: म्हणजे विमानं बंद?

शलाकावहिनी: नाही हो आत्या. टॉवरवरचे लोक बिनपगारी का होईना कामावर असतात. या वेळी ते थकले म्हणून ४० विमानतळांवर उड्डाणं कमी केली, त्यात डलस होतं. पण ती कपात मुख्यतः देशांतर्गत होती. तुम्ही थेट डलसला उतरणारं बघा, मध्ये शिकागो-न्यूअर्क नको. आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

वृंदाआत्या: ते बारा हजारांनी महाग आहे.

मंदारदादा: घे आत्या. बारा हजार मी देतो.

शलाकावहिनी: कुठून? 😄