टाळू रुंद केल्यावर स्क्रू काढायचा कधी: एक्सरे बघून की हिरडीतला द्रव मोजून?

मांडवीकर: आठ-दहा वर्षांच्या मुलाचा टाळू रुंद करायला दाढांवरच्या धातूच्या कड्यांना (बँडना) जोडलेला हायरॅक्स स्क्रू बसवतात आणि त्याला सकाळ-संध्याकाळ पाव फेरा देतात. पाव फेऱ्याला साधारण ०.२५ मिमी, म्हणजे दिवसाला अर्धा मिमी. वरच्या दाढेचा टाळूकडचा उंचवटा खालच्या दाढेच्या गालाकडच्या उंचवट्याला टेकला की थांबायचं. मग ३ ते ६ महिने स्क्रू तसाच तोंडात. हा काळ सगळ्यांना सरसकट का? हिरडीच्या खाचेतला द्रव कागदी पट्टीने टिपा आणि त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर, रँकल आणि ओपीजी ही प्रथिनं मोजा. हाड खाणाऱ्या पेशींना रँकल चेतवतं, ओपीजी त्याला आवरतं; नवं हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागल्या की फॉस्फेटेज चढतं. एक्सरेत नवं हाड उशिरा दिसतं.

खाडीपलीकडचा: कागदी पट्टी लावता कुठे? बँडवाल्या पहिल्या दाढेला. ती खबर त्या दाढेला हाडाशी बांधणाऱ्या लिगामेंटची, टाळूच्या मधल्या शिवणीची नव्हे. शिवण न उघडता नुसती दाढ गालाकडे कलली तरी आकडे हलणारच. शिवण उघडली का, हे ऑक्लूजल (फिल्म दातांमध्ये चावून धरून काढलेला) एक्सरे सांगतो.

मांडवीकर: मग पट्टी मधल्या दोन पटाशीच्या दातांमध्ये लावा. शिवण तिथेच संपते.

खाडीपलीकडचा: शिवण उघडली की त्या दोन दातांत फट पडते; आणि स्क्रू थांबला की ती फट हिरडीतले तंतू ओढून आपोआप मिटवतात. दात सरकतायत, त्यांचाही द्रव त्याच पट्टीत. हाड कुठलं, लिगामेंट कुठलं, वेगळं काढणार कसं?

लॅबवाली: जागेआधी पट्टी नीट घ्या. वरवरचं किटण काढा, कापसाने लाळ अडवा, हळू हवा मारा, पट्टी ३० सेकंद. रक्त लागलं की ती फेका, कारण रक्तात फॉस्फेटेज असतंच आणि वाढत्या मुलांत तर भरपूर. एका पट्टीवर एक मायक्रोलिटरसुद्धा मिळत नाही, म्हणून तीव्रतेपेक्षा ३० सेकंदांतलं एकूण प्रमाण धरा. नमुन्यात ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातलंत तर फॉस्फेटेज मेलंच. त्याला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम ते ओढून घेतं. आपल्याकडे आषाढात पट्ट्यांचा डबा उघडा राहिला की कागद आधीच दमट, पेरिओट्रॉनचा (पट्टीवरचा द्रव मोजणाऱ्या यंत्राचा) शून्य सरकलेला. वादळात वीज गेली, नमुने वितळून पुन्हा गोठले, की रँकलसारख्या सायटोकाइनच्या (पेशींच्या निरोप्या प्रथिनांच्या) आकड्यांवर भरवसा नको. आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवायचे तर सुका बर्फ हवा, मासळीवाल्याचा नव्हे.

मांडवीकर: मान्य. म्हणूनच स्क्रू बसवण्याआधीची पट्टी घ्या आणि बँड नसलेल्या दाताचीही. तुलना त्याच मुलाची त्याच्याशीच.

खाडीपलीकडचा: बँडभोवती हिरडी सुजली की आयएल-१ बीटा हा सुजेचा सायटोकाइन चढतो, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःचं फॉस्फेटेज ओततात. बँड नसलेला दात त्यात काय सांगणार? अभ्यासाला घ्या खुशाल, खुर्चीवर निर्णयाला नको. सहा महिने ठेवून बिघडतं काय?

मांडवीकर: बँडखालचं सिमेंट सुटतं, अन्न अडकतं, दाढ किडते.

खाडीपलीकडचा: मग दर महिन्याला सिमेंट तपासा. त्याला नमुने ठेवायचा उणे ८० अंशांचा फ्रीजर लागत नाही.