मदत हवी आहे: थर्मामीटरच्या प्रोबवरून कँडिडा ऑरिस जात नाही

दीर्घकालीन उपचारांचा वॉर्ड. व्हेंटिलेटरवरच्या 4 रुग्णांच्या काख-जांघेच्या स्वॉबमध्ये कँडिडा ऑरिस ही बुरशी सापडली. ओळख माल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) पक्की केली आहे. बुरशीविरोधी औषधांपैकी फ्लुकोनाझोलला दाद नाही, मायकाफंगिनला आहे. लक्षणं कुणालाच नाहीत, त्यामुळे औषध दिलेलं नाही.

चौघं एका खोलीत, गाऊन-हातमोजे सुरू. क्वाटर्नरी अमोनियम हे नेहमीचं जंतुनाशक या बुरशीवर कमी पडतं, म्हणून पृष्ठभागांना 1000 पीपीएम क्लोरीन, 10 मिनिटं ओलं ठेवून. बीपीचे पट्टे आता प्रत्येकाला वेगळे.

अडचण काखेतल्या प्रोबची. पुसूनही वाढ परत मिळते, आणि क्लोरीनने धातू गंजतो. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात याच बुरशीच्या उद्रेकात असेच प्रोब मुख्य वाहक ठरले होते, म्हणून काळजी जास्त. एकदाच वापरायचे प्रोब सध्या मिळत नाहीत.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे वाइप्स कुणी प्रोबवर वापरलेत का? किती टक्क्यांचे, किती मिनिटं ओले ठेवून, आणि नंतरचं कल्चर निगेटिव्ह आलं का?