तीन रंगाची रिफिल कार्ट्रिज दुकानात पास, गिऱ्हाईकाकडं नापास. मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत इंकजेट प्रिंटरच्या कार्ट्रिज रिफिल करून द्यायचं काम आहे, काळ्याचं टेन्शन नाही पण तीन रंगाच्या कार्ट्रिजनं डोकं खाल्लंय. इथं नोझलच्या (शाई सुटायची बारीक भोकं) टेस्ट प्रिंटला सगळ्या रेघा सरळ, टिश्यूवर दाबलं की निळा, गुलाबी, पिवळा तिन्ही पट्टे वेगवेगळे उमटतात, मग नोझलला टेप, वर क्लिप, पाकीट बंद. तेच पार्सल एसटीनं गडहिंग्लजला गेलं की दोन-चार दिवसांत फोन, पिवळ्याच्या जागी हिरवं येतंय म्हणून. सगळ्यांचं होत नाही, उन्हाळ्यात जास्त.

शाई कमी भरून बघितली, व्हॅक्यूमनं जादाची ओढून घेतली, आधी-नंतर वजन करतोय, शाईपण बदलून झाली. फरक थोडाच. पोरगा म्हणतोय टेपच एका रंगाची शाई दुसऱ्यात ओढतीय, मला संशय वरच्या हवेच्या भोकांचा, लेबलखाली बुजत असतील.

सेंट्रिफ्यूजचं (कार्ट्रिज गरगर फिरवून शाई काढायचं मशीन) बजेट नाही, आणि रात्रभर ठेवून परत टेस्ट मारायची म्हटलं तर गिऱ्हाईक थांबतंय कुठं, त्याला संध्याकाळीच पायजे. तर तासाभरात अशी रंग मिसळणारी कार्ट्रिज पकडायची टेस्ट कुणी वापरतंय का, आणि नोझलला टेप लावता का नुसती रबरची क्लिप?