मदत हवी आहे: मार्कर उचलला की कॅमेरा फळ्याकडे वळतो, याला पेटंट मिळू शकेल का?

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या एका वर्गातून जवळपासच्या तीन शाळांना अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र व्हिडिओ कॉन्फरन्सवर शिकवलं जातं. दूर बसलेल्या मुलांना कधी फळा जवळून दिसायला हवा असतो, तर कधी टेबलावरचा प्रयोग. कॅमेरा वळता आहे, पण रिमोट शिक्षकाच्या हातात दिला की शिकवण्याची लय तुटते. माणसामागे आपोआप फिरणारा कॅमेरा वापरून पाहिला. दारातून शिपाई आत आला की तो त्याच्यामागे जायचा.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी यावर एक डबा बनवला. मार्करच्या खोबणीत रीड स्विच (चुंबक जवळ-लांब झाल्यावर चालू-बंद होणारा) आणि मार्करला छोटं लोहचुंबक. मार्कर उचलला की ईएसपी३२ ही छोटी नियंत्रक चिप कॅमेऱ्याला फळ्याचा प्रीसेट (आधी साठवलेली दिशा आणि झूम) बोलावायला सांगते. टेबलाखाली लोड सेल (वजन ओळखणारा सेन्सर) आहे. वजन ठेवलं की टेबलाचा प्रीसेट आणि टेबलावरचा दिवा चालू. डस्टर उचलला की कॅमेरा मागे येऊन पूर्ण फळा दाखवतो. शिक्षकाला एकही बटण दाबावं लागत नाही.

प्राचार्य म्हणतात पेटंट टाका. मुलांना यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचाय. हे खरोखर नवं आहे का? असेल तर नेमकं काय नवं आहे? आणखी एक तांत्रिक अडचण: कॅमेरा वळत असताना पलीकडे चित्राचे चौकडे होतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मसुदेबाज

आधी व्हिडिओ थांबवा, बाकीचं नंतर. अर्ज दाखल होण्यापूर्वी यूट्यूबवर गेलेली गोष्ट तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरते. आपल्या पेटंट कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्याच प्रसंगांना लागू होते: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध वगैरे (कलम ३१). तीन शाळांत तुम्ही जे चालवताय ते कलम ३२ मधल्या ‘वाजवी चाचणी’त बसवता येईल. चाचणी लोकांसमोरच करावी लागणार होती, इतकं दाखवता आलं पाहिजे, आणि तिथेही मुदत १२ महिन्यांचीच आहे. पहिल्या दिवसापासूनची वही ठेवली असेल तर ती जपा.

नवेपणाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते ऐकून लिहितो.

निवृत्त_दूरसंचार

कॅमेरा दुरून हलवणं ही आमच्या काळातली गोष्ट. तीन आयएसडीएन (जुन्या डिजिटल टेलिफोन) जोडण्या एकत्र बांधल्या की ३८४ केबीपीएस मिळायचे आणि त्यावर बैठक चालायची. पलीकडच्या खोलीतला कॅमेरा इथून फिरवण्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं एच.२८१ हे मानक १९९४ साली आलं. त्यातली खुबी आजही शिकण्यासारखी आहे. ‘सुरू कर’ असा संदेश जातो, बटण दाबलेलं असेपर्यंत ‘चालू ठेव’ जात राहतो, सोडलं की ‘थांब’. ‘चालू ठेव’ सेकंदाच्या आत पोचला नाही तर कॅमेरा स्वतःहून थांबतो. का, तर ‘थांब’ वाटेतच हरवला तर कॅमेरा भिंतीला टेकेपर्यंत फिरत बसेल. प्रीसेट साठवणं आणि बोलावणं हेही त्याच मानकात आहे.

चौकड्यांचं म्हणाल तर, तेव्हाच्या नियंत्रण संदेशांत ‘चित्र गोठव’ अशी आज्ञा होतीच. कॅमेरा वळेपर्यंत जुनं चित्र धरून ठेवायचं आणि तो स्थिर झाला की सोडायचं.

लांबची_वायर

सभागृहं आणि बोर्डरूममध्ये यंत्रणा बसवणं हा माझा धंदा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चौकडे का होतात? कोडेक (चित्र दाबून लहान करणारा भाग) मागच्या फ्रेमवरून पुढची फ्रेम ताडतो. कॅमेरा वळताना, त्यातही झूम होताना, अख्खं चित्रच बदलत असतं. ताडायला काही उरत नाही, पाठवायला मिळणारे बिट तेवढेच, मग दर्जा पडतो. गोठवणं हा उपाय बरोबर आहे, आणि बऱ्याच वळत्या कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘प्रीसेट फ्रीझ’ असतोच, आधी तो शोधा. म्हणजे गोठवणंही नवं म्हणून मांडता येणार नाही.

कॅमेऱ्याला आज्ञा द्यायला तुम्ही बहुधा सोनीचा व्हिस्का प्रोटोकॉल वापरत असाल; त्यातल्या आज्ञा म्हणजे सोळाच्या पद्धतीतले आकडे. एक नंबरचा प्रीसेट बोलवायला ८१ ०१ ०४ ३एफ ०२ ०१ एफएफ. कॅमेरा आधी ९० ४१ एफएफ अशी पोच देतो आणि काम झाल्यावर ९० ५१ एफएफ. अनेक जण पोच आली की झालं असं धरून चित्र सोडतात, तसं करू नका. शिवाय काही स्वस्त कॅमेरे काम झाल्याचा निरोप मोटर थांबण्याआधीच देऊन मोकळे होतात. त्यांना ८१ ०९ ०६ १२ एफएफ पाठवून जागा विचारत राहा. दोन उत्तरं लागोपाठ सारखी आली की स्थिर झाला समजा. आरएस-२३२ (सीरियल केबल) वर ९६०० चा वेग ठेवा. नेटवर्कवरून करायचं असेल तर सोनीचा मूळ मार्ग यूडीपी पोर्ट ५२३८१, पण इतर कंपन्या वेगळे पोर्ट ठेवतात, तेव्हा त्यांची पुस्तिका बघा.

आता तुमची मूळ कल्पना. माइकचं बटण दाबलं की त्या सदस्याकडे कॅमेरा वळतो, हे मी स्वतः कितीतरी सभागृहांत बसवलंय. आवाज कुठून येतोय ते माइकच्या रांगेवरून ओळखून कॅमेरा वळवणं पिक्चरटेलने नव्वदच्या दशकात ‘लाइमलाइट’ या नावाने विकलं. (ही कंपनी २००१ मध्ये पॉलिकॉमने घेतली.) पेन उचललं हे ओळखणारी खोबण तर स्मार्ट बोर्डाला (संगणकाला जोडलेल्या फळ्याला) कधीपासून आहे. तिथे ती शाईचा रंग बदलायला वापरतात, एवढाच फरक.

चहा_कमी_साखर

आणखी एक धक्का देतो, रागावू नका. टोरंटो विद्यापीठात बिल बक्स्टन, जेरेमी कूपरस्टॉक वगैरे मंडळींनी नव्वदच्या दशकात ‘रिॲक्टिव्ह रूम’ उभारली होती. माणूस नेहमीची कामं करतो आणि खोली त्यावरून ओळखते, हीच कल्पना. कागद डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली (वरून कागद टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली) ठेवला की पलीकडच्यांना आपोआप तो दिसायचा, बटण वगैरे काही नाही. तुमचा टेबलावरचा लोड सेल त्याचा सख्खा भाऊ वाटतो.

अवांतर: मुलांनी स्वतःहून तिथवर मजल मारली हे मला तरी भारी वाटलं.

मसुदेबाज

वरचे प्रतिसाद वाचले. कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

जुनं पेटंट संपलं (मुदत २० वर्षं) तर ती युक्ती वापरायला सगळे मोकळे. पण ती ‘माझी नवी’ म्हणून दाखल करायला कोणीच मोकळं नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच असतो. आणि टोरंटोचं काम पेटंट नसून संशोधन असलं तरी प्रकाशित आहे, म्हणजे आडवं येणारच.

तुमची खरी अडचण कलम ३(फ). प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल तर ओळखीच्या साधनांची नुसती मांडामांड शोध ठरत नाही. रीड स्विच स्विचचं काम करतोय, कॅमेरा कॅमेऱ्याचं. परीक्षक पहिल्याच अहवालात हे लिहील. सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे असं मांडलंत तर नुसत्या संगणक प्रोग्रॅमला शोध न मानणारं ३(के) पुढे येईल. तेव्हा मला सांगा, एका भागाच्या स्थितीवरून दुसऱ्याचं वागणं बदलतं, असं डब्यात कुठे काही आहे का?

फळा_खडू

सर्वांचे आभार. एवढी जुनी मंडळी या वाटेने गेली असतील याची कल्पना नव्हती, मुलांना टोरंटोचं वाचायला दिलंय.

मसुदेबाज सर, एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती, ती मला किरकोळ वाटत होती. एका शाळेचं नेट फारच मंद आहे. तिथे कॅमेरा वळला की चित्र सावरायला वेळ लागतो. म्हणून मागच्या भिंतीवर एक स्थिर ४के कॅमेरा लावलाय. कॉल ब्राउझरमधून चालतो. मुलांच्या स्क्रिप्टला वाटेत गळणाऱ्या पॅकेटचं (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचं) प्रमाण समजतं. गळती जास्त असेल तर डबा वळता कॅमेरा हलवतच नाही. ४केच्या चित्रातून फळ्याचा भाग कापून तोच पाठवतो. नेट ठीक असेल तर नेहमीसारखा प्रीसेट. गोठवण्यापेक्षा हे बरं, कारण गोठलेल्या चित्रात शिक्षक पुतळ्यासारखा दिसतो आणि मुलांना वाटतं नेट गेलं.

लांबची_वायर

हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत! वळताना प्रत्येक फ्रेम महाग पडते. एका चित्रावरून दुसऱ्यावर उडी मारली तर एकच फ्रेम महाग पडते. ४के म्हणजे ३८४०×२१६०. त्याचा चौथा भाग बरोबर १९२०×१०८०, म्हणजे कापूनही अक्षर वाचता येईल.

पण एक घोळ दिसतोय. गळतीचा आकडा कुठून घेताय? तुमच्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरच्या आकडेवारीतून घेत असाल तर तो त्या शाळेचा नसणार. दोघांचाच कॉल असेल आणि जोडणी थेट असेल तर तो समोरच्याचा असतो. चार ठिकाणं जोडली की सगळं मधल्या सर्व्हरमार्गे जातं आणि तुम्हाला दिसते ती तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतची गळती. सर्व्हरपासून शाळेपर्यंतची वाट दिसतच नाही.

फळा_खडू

मुलांना विचारलं. आकडा आमच्याच लॅपटॉपवरचा आहे. चाचणी एका शाळेबरोबर केली होती तेव्हा जमलं, तिन्ही जोडल्यावर निर्णय उलटसुलट होतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कारण आत्ता कळलं.

लांबची_वायर

मग प्रत्येक शाळेच्या ब्राउझरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा. ती आपल्याकडे आलेल्या व्हिडिओतली हरवलेली पॅकेटं मोजेल आणि दर दोन-तीन सेकंदांनी आकडा डब्याला पाठवेल. पण तीन शाळांचे तीन आकडे आले तर ऐकायचं कुणाचं? सर्वात वाईट नेट असलेल्या शाळेचं ऐकलं तर बाकी दोघांना कायम कापलेलं चित्र. सरासरी काढली तर मंद शाळा बुडाली. माझ्या मते वळत्या कॅमेऱ्याचं आणि कापलेलं, अशी दोन्ही चित्रं सर्व्हरला द्या आणि कोणत्या शाळेला कोणतं जावं ते आकड्यावरून ठरवा. तुमच्याकडून जाणारा भार वाढेल, कॉलेजचं नेट तेवढं सोसतंय का ते बघा.

आकडा सीमेवर रेंगाळला की चित्र सारखं इकडून तिकडे उड्या मारेल. कापलेल्या चित्रावर जायची मर्यादा वरची ठेवा, परत यायची बरीच खालची.

मसुदेबाज

आता दाखल करण्यासारखं काहीतरी हाती आलं. मार्कर उचलणं हा दावा (ज्यावर हक्क मागायचा तो भाग) नको. तो फक्त सुरुवातीचा इशारा म्हणून लिहा. दावा असा: शिक्षकाच्या कृतीचा इशारा, प्रत्येक पलीकडच्या ठिकाणाहून आलेली गळती, आणि त्या दोन्हींवरून त्या-त्या ठिकाणासाठी यांत्रिक हालचाल की कापलेलं चित्र हे ठरवणारा नियंत्रक. इथे भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, ३(फ) ला उत्तर देता येईल. मंजूर होईल अशी हमी मी देत नाही, शोध घेतल्याशिवाय कोणी देऊही नये.

शोध स्वतः घ्या, मुलांकडून करवून घ्या. गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, ही शोधायची तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. नुसते शब्द टाकू नका, पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाचे क्रमांक टाका: कॉन्फरन्स यंत्रणांसाठी एच०४एन ७/१५, कॅमेऱ्याची दिशा बदलण्यासाठी एच०४एन २३/६९५. दुसरा वर्ग अलीकडचा आहे, त्यामुळे जुन्या कागदांवर एच०४एन ५/२३२ दिसेल. दोन्ही बघा.

नंतर तात्पुरता तपशील (शोधाचं पहिलं वर्णन) दाखल करा. त्यात दावे लागत नाहीत, पण दोन चित्रांचा निर्णय कसा होतो हे आकृतीसह पूर्ण हवं. शिक्षणसंस्थेला सवलतीचं शुल्क आहे, ऑनलाइन १६०० रुपये. पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत. तपासणीची विनंती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत, तिचे ४००० वेगळे.

फळा_खडू

शेवटचा प्रश्न. प्राचार्य म्हणतात शोधक म्हणून फक्त माझं नाव घाला, मुलं उद्या पास होऊन जातील, सह्यांसाठी कुठे शोधणार?

मसुदेबाज

ज्यांनी डोकं चालवलं त्यांची नावं शोधक म्हणून हवीतच. अर्जदार कॉलेज असू शकतं, त्यासाठी मुलांनी हक्क कॉलेजला दिल्याचा कागद लागतो. सह्या आत्ताच घ्या, परीक्षेचे फॉर्म भरायला येतील तेव्हा.

लांबची_वायर

तीन शाळांचे आकडे सुरू झाले की एका तासिकेचा लॉग इथे टाका. दोन मर्यादांमध्ये किती अंतर ठेवायचं ते बघून सांगतो.

मसुदेबाज

लॉगही अर्ज गेल्यावरच. तोवर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.